आंबोलीच्या रानात मी अंगण झाडलं

मी आंबोलीला निघाले म्हणल्यावर सगळ्यात आधी आली ती माझी धाकटी जाऊ, सुमन. मी पिशवीत धपाटे भरून राह्यले अन् ही दारातूनच, "काहो बाई, लोकं म्हणं पैसे देऊन जंगलात झोपतेत? आपल्या शेतात फुकट झोपल्या असत्या की!"

खरं कारण वेगळं होतं. माझी नात पल्लवी आंबोलीच्या एका भारी रिसॉर्टवर पाहुण्यांना जंगल दाखवायची नोकरी करती. तिच्या बापाला, म्हंजी माझ्या दिगंबरला, ते बिलकुल पटंना. शेवटी ठरलं, आजीनं बघून यावं. आजीला पटलं तर पोरगी राहील, न्हाई तर सामान घेऊन माघारी.

कुंभार पिंपळगावहून अंबड, मंग संभाजीनगर, कोल्हापूर, अन् तिथून आंबोलीची यष्टी. आजऱ्यापुढं वळणं लई, लिंबू जवळ ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर मिश्री न्या. दाताला न्हाई, पायाला. जळवा सुटतेत.

खोली लाकडाची, एक भिंत काचेची, पंखा न्हाई, टीव्ही न्हाई, न्हाणीला छत न्हाई.

"पल्लवे, बांधकाम अर्धंच राह्यलं का गं?"

"आजी, ह्याचेच पैसे घेतेत."

आंघोळीला बसले तर वरून माकड बघून राह्यलं. मी डोक्यावरून पदर घेऊनच न्हाले. जेवण मात्र झ्याक, नाचणीची भाकरी अन् कुळथाचं पिठलं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं उजाडताच उठले. बघते तर दारापुढं घोटाभर पाला! एवढं भारी ठिकाण अन् अंगण असं? नातीची नाचक्की नको, म्हणून स्वयंपाकघरामागचा खराटा घेतला अन् पार पायवाटेपर्यंत लख्ख झाडलं. घमेलं भरून खड्ड्याकडं निघाले, तर समोरून पल्लवी, मागं कॅमेरे घेतलेले सहा पाहुणे.

"आजी, ठेव ते खाली! त्यात बेडूक हायत!"

"मंग बरंच झालं की, निघाले."

ती लोकं पुण्याहून त्याच बेडकांसाठी आल्ती! तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "हे कुणी झाडलं?"

मनात म्हणलं, झालं! पोरीची नोकरी मी माझ्याच हातानं घालवली.

"माझ्या आजीनं," पल्लवी म्हणली. "आता सगळ्यांनी आहे तिथंच बसा. पाय उचलायचा न्हाई, खाली बेडूक असतील. मॅडम, तुम्हीबी."

बसल्या की मालकीणबाई! पल्लवीनं घमेल्यातलं एकएक पान उचलत नखाएवढा बेडूक दाखवला. ह्याला म्हणं तळं लागत न्हाई, अंडी ओल्या पाल्यात, अन् त्यातून सरळ बेडूकच बाहेर. गुडघ्यावर बसलेले एक पेन्शनर काका हळूच म्हणले, "मॅडम, पायाला मुंग्या आल्या, हलवू का?"

"थांबा जरा."

अन् काका थांबले! बापापुढं मान वर न करणारी ही पोरगी!

मंग सगळ्यांनी मिळून पाला परत पसरला. झाडलेल्या अंगणात मी जन्मात पहिल्यांदा कचरा टाकला.

घरी आले तर दिगंबर वाटच बघत होता. "मंग, बोलवायचं ना तिला?"

म्हणलं, "तुझ्या लेकीनं मालकिणीला धरून सात जणं गुडघ्यावर बसवले. तिला इथं आणून तू काय काम देणार, ते सांग."

तो उठून गोठ्याकडं गेला. पण दिवाळीत पल्लवी मालकीणबाईंना आपलं गाव दाखवायला घेऊन आली, तवा त्यानंच लेकीला विहिरीवर नेलं अन् इचारलं, "बाळ, हा कोणता बेडूक गं?" बापलेक तासभर तिथंच वाकून बसले.

दोघी तिसऱ्या दिवशी गेल्या. पौषातल्या दुसऱ्या रविवारी हुरड्याला परत येतो म्हणल्यात.