बस्त्यावची लाट

ओरोसच्या कचेरीत टपाल फोडत बसलो होतो, तेव्हा देवबागहून मिंगेलचा फोन आला. “भाऊ, दादा गेलो...” एवढंच बोलून तो रडायला लागला. त्याचा दादा म्हणजे माझा मित्र बस्त्याव. निवडणुकीच्या ड्युटीवर मी पहिल्यांदा देवबागला गेलो, तेव्हा केंद्रावर जेवणाची बोंब होती. होडीचं सुकाणू धरणाऱ्या या तांडेलाने मला हाताला धरून घरी नेलं आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. तेव्हापासून रविवार आला की माझी पावलं तिकडे वळायची. मी समुद्रापासून लांबच्या नांदगावचा, समुद्र मला बस्त्यावनेच दाखवला. माणूस तोंडाचा फटकळ. माझ्या पोहण्याला तो म्हशीचं डुंबणं म्हणायचा.

खाडीच्या मुखाबाहेर एक उघडं, खडकाळ बेट आहे. तिथे पाणमांजरं पिल्लं घेऊन आलीत, असं त्याने एकदा सांगितलं आणि मी हट्टाला पेटलो. दर्या अजून नीट निवळला नव्हता. “मुखार पाणी फुटता हा, थोडे दिस रव,” तो म्हणाला. मी ऐकेना. अखेर माझ्यासाठी तो तयार झाला, वल्ह्यावर मिंगेलला घेतलं. मुखापाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटतात. मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या, मधली उसंत साधून होडी आत घालायची, हे तांडेलाचं काम. तोवर बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. “खोकललंस तरी चलात, पण बूड हलव नको,” असं त्याने मला बजावलं होतं.

बेटावर पाणमांजरं दिसली. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढायचं आणि घसरून पाण्यात पडायचं. आम्ही तिघेही पोट धरून हसलो. परतताना मुखाशी थांबलो. बस्त्याव मागच्या टोकाला सुकाणू धरून, मान वळवून मागून येणाऱ्या लाटा पाहत होता. मिंगेल त्याच्याकडे तोंड करून वल्ही मारायला बसलेला, आणि मिंगेलच्या पाठीमागे, पुढच्या टोकाला मी. “व्हड वल्ही!” बस्त्याव मिंगेलला ओरडला. नेमकं तेव्हाच डाव्या हाताला एक पाणमांजर वर आलं, तोंडात तडफडता मासा... मी उठलो. उठून कडेवर ओणवा झालो. होडी कलली, आडवी झाली आणि लाटेने आम्हाला पालथं घातलं. नाकातोंडात पाणी गेलं. बस्त्यावने सदऱ्याला धरून मला उलट्या होडीवर ओढलं, म्हणून आज हे लिहितोय. काठावर लोक जमले, तेव्हा तो वाळूत बसून म्हणाला, “माजी लाट चुकली.”

मी गप्प बसलो. वाटलं, त्याने मला उठताना पाहिलंय आणि पाठीशी घालतोय. मित्र असावा तर असा, असं मनात म्हणून मी मोकळा झालो. गावाने मात्र त्याला सोडलं नाही. तांडेलाची नजर गेली, असं लोक त्याच्या तोंडावर बोलत. पुढच्या आठवड्यात त्याने सुकाणू मिंगेलच्या हातात दिलं आणि स्वतः वल्ह्यावर बसला. त्यानंतर आठ वर्षं मी त्या घरी जेवलो. विषय ना त्याने काढला, ना मी.

त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेला गेलो होतो. पाहुणे पांगल्यावर त्याच्या बायकोला, रोझीवहिनीला, एकदाचं सांगून टाकलं. “वयनी, चूक माजी होती. मी उबो रवलंय, म्हणान होडी कलली. बस्त्यावान माका सांभाळून घेतल्यान.”

“तेना तुका बघूकच नाय, भाऊ,” ती म्हणाली. “तो रोज तिनसांजा मुखार जावन बसायचो. लाटा मोजायचो. ‘खंय चुकलंय, ता अजून गावणा नाय गो,’ म्हणायचो.”

मला तिच्यासमोर मान वर करवेना. त्या वाळूत कित्येक रविवारी मीही त्याच्याबरोबर बसलोय. हा वारा खातोय, असंच मला वाटायचं... आठ वर्षं तो जे शोधत होता, ते त्याच्या शेजारी शेंगदाणे खात बसलेलं होतं.