काटेवाल्यांचं सतरावं कलम

वजनकाटे दुरुस्त करायचे म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. भल्या भल्या दुकानदारांना दमात घेणारा हा गडी, पण त्या सकाळी चर्चच्या कार्यालयाबाहेर बाकावर असा बसला होता, की जणू आत कोणी सुई घेऊनच उभं आहे.

“घाम पुसा,” बायको म्हणाली. “बिशप म्हणजे वजनमापांचा साहेब नव्हे. दंड नाही करणार.”

चर्चच्या मंडळीने काटेवाल्यांना वाचक नेमायचं ठरवलं होतं. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बाहेरगावी गेले की उपासना चालवायची ती वाचकाने. त्याआधी बिशपसाहेबांपुढे अँग्लिकन चर्चची एकोणचाळीस कलमं मान्य आहेत, असं बोलून दाखवायचं. बाकीच्या कलमांचं काही नव्हतं हो, सतरावं मात्र घशात अडकलं होतं. जग घडवण्याआधीच देवाने आपली माणसं निवडली, असं ते कलम. म्हणजे काही वगळलीही! आणि धाकटा भाऊ नुकताच गेलेला. पिणारा. चर्चची पायरी चढायचा तो पाळकांशी भांडायला.

आदल्या दिवशी भावजयीने त्याच्या कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं होतं, “दादा, त्या कलमाला तुम्ही हो म्हणालात, तर हे कुठे गेले असं समजू मी?”

“अगं, ते ठरवणारा मी कोण?”

“ठरवू नका. पण हो म्हणून आलात, तर माझ्या डोळ्यांत बघून सांगा.”

त्या रात्री काटेवाल्यांनी पुन्हा पुन्हा वाचून उत्तर पाठ केलं होतं.

आत लांब टेबलामागे बिशप, पाळक आणि ‘वडील’ म्हणून मान असलेले मंडळीतले एक ज्येष्ठ बसले होते. बिशपांनी नेमकं तेच विचारलं, “सतराव्या कलमाचा अर्थ काय?”

पाठ केलेलं उत्तर पार धुऊन गेलं. आणि घाबरलेल्या तोंडाने ओळखीची वाट धरली, दफनाच्या प्रार्थनेची: “आमच्या या भावाचा देह आम्ही मातीला देतो, तो उठेल या आशेने त्याला, प्रभो, तुझ्या हवाली करतो...”

“आमेन,” वडील सवयीने बोलून गेले. मागोमाग पाळक. मागोमाग खुद्द बिशप!

“अहो, पण पुरलंत कोणाला?” वडिलांनी विचारलं.

काटेवाल्यांचे कान तापले. “धाकट्याला,” ते कसेबसे म्हणाले.

“मातीच्या वेळी मीच म्हटली होती ही प्रार्थना,” पाळक म्हणाले. “सगळी मंडळी होती.”

बिशप हसले नाहीत. “कलम आपलं आणि प्रार्थनाही आपलीच. कबरीपाशी ज्याला आमचा भाऊ म्हटलं, त्याला कलम वाचताना परका कसा करणार? भ्यालेल्याला धीर द्यायला आहे ते. दुसऱ्याचं नाव खोडायला नव्हे.”

“म्हणजे तो तरला?”

“हमी मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. आशा म्हणतो आपण. मान्य?”

“मान्य,” काटेवाले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

खरी परीक्षा घरी होती. भावजय दारातच उभी. त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं.

“हो म्हणालो.”

तिचा चेहरा उतरला.

“तो कुठे आहे मला ठाऊक नाही. बिशपांनाही नाही. पण त्याला देवाच्या हवाली करताना आपण जे बोललो, ते खोटं मानून मी हो म्हणालो नाही.”

“मग ते आत्ता म्हणा.”

“इथे? दारात?”

“इथेच.”

काटेवाल्यांनी ती प्रार्थना शेवटापर्यंत म्हटली. तिचं आमेन येतं की नाही, या भीतीने ते तिच्याकडे बघत राहिले.

आलं. अगदी बारीक, पण आलं.