काचीगुडा ऑफिसची घरखरेदी

तीस वर्षं मी टायपिस्ट होते, पण टाइप केलेलं एक पत्र आज धड आठवत नाही. आठवतात ते डब्याच्या वेळचे किस्से, आणि त्यातलेही निम्मे घर घेण्याचे. एक सांगायला घेतला की दुसरा त्याचं बोट धरून येतोच. परवा मुलीने फ्लॅट बघायला सुरुवात केली आणि मी तिला सल्ला द्यायला बसले, तर तासभर नुसते किस्सेच झाले. सल्ला राहून गेला.

हैदराबादला काचीगुडा स्टेशनसमोरच्या गल्लीत, बियाणं विकणाऱ्या एका कंपनीचं आमचं छोटं ऑफिस होतं. मराठी बोलणारे आम्ही तिघं. हेडक्लार्क देशमुखकाका, डिस्पॅचचे गायकवाड आणि मी. बाजार खुला झाल्यानंतरची ती वर्षं. पूर्वी स्कूटरसाठी कर्ज मागायला गेलं तर बँकेत कुणी बसायला सांगत नसे. आता घरासाठी कर्ज देणारी माणसं टाय लावून आमच्याच ऑफिसात येऊन बसायला लागली. शहराबाहेरच्या माळावर पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले जात. त्याला आमच्याकडे ‘व्हेंचर’ म्हणतात. आम्ही तिघंही भाड्याच्या घरात होतो, आणि तिघांनाही एकाच वर्षी घराचं वेड लागलं.

*

व्हेंचरवाले दर रविवारी नामपल्लीहून फुकट व्हॅन सोडत. प्लॉट बघा, बिर्याणी खा, परत या. देशमुखकाका, काकू आणि दोन मुली असे सगळे ओळीने पाच रविवार गेले. काका फुकट जेवायला जाणारे नव्हते, त्यांना खरंच शंका असायच्या. एका रविवारी पाण्याची, पुढच्या रविवारी रस्त्याची, मग शाळेची, मग वरून गेलेल्या विजेच्या तारांची.

पाचव्या रविवारपर्यंत काकांना त्या माळाची इतकी माहिती झाली, की व्हॅनमधल्या नव्या लोकांना तेच सगळं समजावून सांगायला लागले. बोअर कुठे लागेल, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचेल, सगळं.

सहाव्या रविवारी धाकट्या मुलीला ताप होता, म्हणून ते गेले नाहीत. संध्याकाळी व्हेंचरचे एजंट रज्जाकभाई मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर. म्हणाले, “काका, आपके समझाने से दो प्लॉटां बिक गए. अब तीसरा आप लेलो, नहीं तो कमिशन लेलो.”

*

काकांनी एवढ्यावर निर्णय घेतला नाही. नांदेडकडच्या गावाहून थोरल्या भावाला बोलावून घेतलं. हे भाऊ पक्के शेतकरी, वीस एकर रान कसणारे. जमिनीतलं भावाला कळतं, असा काकांचा विश्वास.

रज्जाकभाईंनी दोघांना कोपऱ्यातला दोनशे गजांचा प्लॉट दाखवला. भाऊ चारही दगडांपाशी जाऊन आले, खाली बसून माती चोळून पाहिली, आणि म्हणाले की हा तुकडा दिसला, आता बाकीचं रान दाखवा.

रज्जाकभाईंनी अदबीने सांगितलं की रान एवढंच. मग त्यांनी भाव सांगितला. भाऊ काकांकडे वळून म्हणाले, “अरे, एवढ्यात माझी बैलजोडी वळायची नाही.”

रज्जाकभाईंना मराठी चांगलं कळायचं. ते म्हणाले, “बडे भाई, यहां बैलां नहीं, स्कूटर पलटाना है.”

भाऊ त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जाताना त्यांनी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, की धाकट्याचं ऑफिसात सगळं ठीक चाललंय ना.

*

आता राहिला भाव. काकांची घासाघीस करायची पद्धत सगळ्या काचीगुड्याच्या बाजाराला माहीत होती. आपला आकडा सांगायचा आणि उठून चालू लागायचं. भाजीवाली चार पावलांत हाक मारते, कापडवाला दहा पावलांत.

रज्जाकभाई गजाला शंभराच्या खाली येईनात. काका नव्वद म्हणाले, उठले, आणि समोरच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. रज्जाकभाई माळावरच्या आपल्या शेडमध्ये वर्तमानपत्र वाचत बसले. एक बस आली, काका चढले नाहीत. दुसरी आली. तिसरी आली तेव्हा कंडक्टरने विचारलं, की जायचं आहे की नाही. काकांनी दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत असल्याचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

पाच वाजता रज्जाकभाईंनी शेडला कुलूप लावलं आणि ते स्टॉपवर येऊन उभे राहिले. काकांना वाटलं, आले शेवटी. तर त्यांना घरी जायचं होतं, आणि बस तीच होती.

बसमध्ये एकच बाक रिकामं होतं. दोघं मांडीला मांडी लावून बसले. अर्ध्या रस्त्यात रज्जाकभाईंनी मुलींच्या शिक्षणाचं विचारलं, काकांनी त्यांच्या आईच्या मोतीबिंदूचं विचारलं. कंडक्टर आला तेव्हा रज्जाकभाईंनी दोन तिकिटं काढली आणि म्हणाले, “पंचाण्णव. टिकट मैंने निकाला, अब कुछ नक्को बोलो.”

काका दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी आम्हाला सांगत होते, की उठून गेल्याचा फायदा होतोच.

*

माझं स्वतःचं सांगायचं तर त्यात मी शहाणी ठरले नाही. चिक्कडपल्लीत एका तेलुगू आजींनी आपला जुना बंगला पाडून बिल्डरकडून अपार्टमेंट बांधून घेतलं होतं आणि त्यातले दोन फ्लॅट स्वतःकडे ठेवले होते. त्यातला एक त्या विकणार होत्या. साडेपाच लाख म्हणत होत्या.

मी नवऱ्याला निघतानाच बजावलं होतं, की काहीही आवडलं तरी तोंड पाडून बसायचं. ते तसे बसलेही. पण बाल्कनीतून बाहेरचं कडुनिंबाचं झाड दिसलं आणि त्यांना राहवलं नाही. मराठीत मला म्हणाले, की पाचवर मागू या, सव्वापाचवर तुटेल, नाहीच तुटलं तर साडेपाच देऊन टाकू, असा फ्लॅट परत मिळायचा नाही. मीही मराठीतच म्हटलं, की म्हातारी एकटी आहे, तिला पैशांची गरज असणार, जरा ताणून धरा.

आजी शांतपणे कॉफी गाळत होत्या. आम्ही हिंदीत पाच लाख म्हटलं. त्यांनी कप आमच्या हातात दिले, समोर बसल्या, आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “माझे यजमान पंधरा वर्षं औरंगाबादला नोकरीत होते. साडेपाच द्या. झाडाचे वेगळे घेत नाही.”

साडेपाच दिले. गेली अठ्ठावीस वर्षं आम्ही तिथेच आहोत. आजी शेजारी होत्या तोवर आम्ही नवराबायको घरात भांडायचो तेही हळू आवाजात.

*

गायकवाडांचं मात्र वेगळं होतं. ते मूळचे परभणीकडचे. टेबलावर काचेखाली बाबासाहेबांचा फोटो, आणि स्वभाव असा की दहा वाक्यांत एकदा हशा पिकणार. सहा वर्षांत त्यांनी चार खोल्या बदलल्या होत्या. घरमालक आधी नाव विचारत, मग गाव, मग आडून आडून बाकीचं, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं सांगत. त्यांची आई त्यांच्याजवळ राहायची. तिला एकच हवं होतं, स्वतःचा दरवाजा.

त्या दिवसांत हैदराबादला वास्तूचं खूळ शिगेला पोचलं होतं. चांगली उभी घरं लोक पाडून स्वयंपाकघराचा कोपरा बदलत होते. पूर्वेचा फ्लॅट महाग, दक्षिणेचा कुणी फुकट घेईना. गायकवाड काचीगुड्यातच बांधकाम करणाऱ्या रेड्डी नावाच्या बिल्डरकडे गेले आणि त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे वास्तूच्या हिशेबाने सगळ्यात वाईट फ्लॅट कुठला?

रेड्डींनी खालमानेने तळमजल्यावरचा दाखवला. दार दक्षिणेला. वर्षभर पडून होता. गायकवाडांनी सांगितलं, मी माझा शास्त्री घेऊन येतो.

रेड्डी आधी खूश झाले, गिऱ्हाईक श्रद्धाळू आहे म्हणून. गायकवाडांनी एका वास्तुशास्त्र्याला स्कूटरवर बसवून आणलं आणि हात जोडून विनंती केली, की सावकाश बघा, एकही दोष सुटायला नको. शास्त्री मनापासून कामाला लागले. दार दक्षिणेला. स्वयंपाकघर ईशान्येला. संडास त्याच्या शेजारी. पलंगाच्या जागेवर तुळई. मोरी नैर्ऋत्येला. प्रत्येक दोषाला गायकवाड दुःखी चेहरा करून रेड्डींकडे बघत आणि रेड्डी पंधरा हजार उतरत. पाचव्या दोषाला रेड्डी घामाघूम झाले आणि त्यांनी शास्त्र्यांचा हात धरून विचारलं, की यावर काही उपाय असतील ते सांगा ना.

शास्त्री उत्साहाने सांगायला लागले तसे गायकवाड मध्ये पडले. “नको, शास्त्रीजी. दोषच राहू द्या. त्यातच माझं घर बसतंय.”

फ्लॅट त्यांना पाऊण लाखाने स्वस्त पडला.

गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरत होत्या. रेड्डीही फळांची टोपली घेऊन आले. भला माणूस. सौदा झाल्यापासून त्यांच्या मनाला टोचणी होती, की या कुटुंबाला आपण नको ते घर विकलं. गायकवाडांची आई त्यांना वाढायला आली तेव्हा त्यांनी दाराकडे बोट करून हिंदीत विचारलं, अम्मा, दरवाजा दक्षिण को है, डर नहीं लगता?

आई हसली. वाटीत पळी रिकामी करत म्हणाली, “कशाचं भ्या, बाबा? गावाकडं बी आमचं घर येशीबाहेर दक्षिणंलाच व्हतं. समद्या गावानं दिशा बघूनच दिलं व्हतं ते.”

रेड्डींना मराठी येत नव्हतं. अम्मा काय म्हणाली, असं त्यांनी गायकवाडांना विचारलं.

गायकवाडांनी आईकडे पाहिलं, मग रेड्डींकडे.

“बोल रही है, खीर और लो.”

रेड्डींनी वाटी पुढे केली.