डोंगरातल्या बाईची भूमिका

मालिकेत मला पहिलं काम मिळालं ते मोठ्या घरच्या सुनेचं. दिग्दर्शकाला माझा चेहरा आवडला होता, बोलणं नाही. माझ्या तोंडी पाण्याचं 'पानी' व्हायचं, वाक्याचा शेवट लांबायचा. त्यानं मला उच्चार शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. त्यांच्यासमोर बसून मी मोखाड्याच्या पाड्यावरची माझी बोली जिभेवरून घासून काढली. त्या सुनेच्या भूमिकेनं मला नाव मिळवून दिलं. पुढे जावा, नणंदा करत राहिले. आई गेल्यावर पाड्यावर जाणं जवळजवळ थांबलंच.

चाळिशीनंतर कामं आटली. बरेच महिने रिकामे गेल्यावर एका चित्रपटासाठी बोलावणं आलं. डोंगरातल्या बाईची भूमिका, तीही मुख्य. दिग्दर्शिका तरुण होती. म्हणाली, तुम्ही तिकडच्याच ना, मग संवाद घरच्या बोलीत बोला. मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन बोलायला गेले तर शब्द आठवत होते, त्यांची चाल येत नव्हती.

म्हणून जव्हारला उतरले, तिथून जीपनं मोखाडा आणि पुढे पाड्यावर मावशीकडे. आईच्या पाठची ही बहीण, हिनंच मला कडेवर वाढवलेलं. अंगणात नागली झोडत होती. मला बघून हात पुसले, शेजारून खुर्ची मागवली. मी बोलीतच विचारलं, कशी आहेस. ती शाळेतल्या मराठीत म्हणाली, "बरी आहे. तुम्ही कधी आल्या?"

कचेरीतल्या बाईशी बोलावं तशी.

आठवडाभर राहिले. आपल्या सुनेशी मावशी भरभरून बोलायची. मी जवळ गेले की आवाज बदलायचा. मग मी कुडाच्या आतल्या बाजूला बसून त्यांचं बोलणं ऐकायचे आणि ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचे. स्वतःच्याच घरात चोरून ऐकताना मला भरून यायचं.

चित्रीकरण जामसरजवळ झालं. गर्दीच्या प्रसंगासाठी पाड्यावरच्या बायका आणल्या होत्या, त्यांत मावशीही होती. मेलेल्या मुलापाशी बसून आई बोलते, असा माझा प्रसंग. पहिल्याच टेकला तो जमला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी नुसती बघत होती. संध्याकाळी मी विचारलं, कसं वाटलं.

तिनं जरा विचार केला. "रडू आलं मला," ती म्हणाली. "पण ही बाई कुठल्या गावची?"

आपल्याच, मी म्हटलं. तिनं मान डोलावली. पाहुण्याचं बोलणं कोण खोडणार?

चित्रपटाचं कौतुक झालं, सगळ्यात जास्त माझ्या भाषेचं. आता मला अशाच भूमिका येतात. संवाद हातात आला की मावशीला फोन करते आणि ती न कंटाळता शब्द सांगते. मागच्या खेपेला मी तिला म्हटलं, लहानपणी रागवायचीस तसं एकदा रागव ना मला.

ती संकोचून हसली. "तुम्हाला कशी रागवू?"