टेबलाकडची खिडकी

माझा थोरला भाऊ आर्किटेक्ट, आणि हट्टी इतका की विचारू नका. माणसं एकेकटी जेवतात याचा त्याला भयंकर राग. म्हणून त्याने काही बिऱ्हाडांसाठी एक इमारत बांधली आणि एकाही घरात स्वयंपाकघर ठेवलं नाही. ओटा नाही, गॅस नाही. मधोमध सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर, त्याला लागून लांबलचक टेबल, आणि भोवती घरं. प्रत्येक घराची एक खिडकी त्या टेबलाकडे उघडणारी. स्वतःही वहिनीला घेऊन तिथेच राहायला गेला.

घरं तयार होत होती तेव्हा एक नर्सबाई त्याच्याकडे आल्या. कडेवर तान्हं मूल, नवरा सोडून गेलेला.

"दादा, बाळाचं दूध तापवायला तरी घरात वीतभर ओटा द्या."

"ओटा दिला की माणूस दार लावून घेतो," दादा म्हणाला. "नाही मिळणार."

मी तिथेच होते. म्हटलं, "अरे, देऊन टाक की! तुझं काय जातंय?" तर मलाच झापलं. पुढे कडाक्याच्या थंडीत ती बाई रडतं मूल घेऊन दूध तापवायला बाहेर यायची. कधी चकार शब्द काढला नाही तिने.

पण खोटं कशाला बोलू, पुष्कळ वर्षं ते घर छान चाललं. दादा पहाटे उठून सगळ्यांचा चहा टाकायचा. वहिनी गेली तेव्हा त्या चहानेच त्याला सावरलं. लोक डोळे चोळत यायचे, कप उचलायचे, "दादा, आज साखरेचं पोतं उपडं केलंत वाटतं!" म्हणून चिडवायचे. त्याचा सगळा जीव त्या चहात.

मग तो विसरायला लागला. एकदा गॅस तसाच ठेवून फिरायला निघून गेला. पातेल्याचा कोळसा, भिंत काळीठिक्कर. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्यांची पाचावर धारण बसली. काहीही ठरवायचं ते टेबलाशी बसून, हा नियम दादाचाच. बसले आणि ठरवलं, दादांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, टेबलाशीही जेवायला बसायचं नाही. कुलूप आलं, किल्ली नर्सबाईंकडे. भीती खरी होती, मान्य. पण टेबलाशी का नको? तर म्हणे सांडतात, तेच तेच विचारतात. डबा दाराशी मिळेल. चहाही त्याबरोबरच यायचा, गारढोण.

मी तावातावाने भांडायला गेले. दादा माझ्या मागोमाग आला आणि त्याने चक्क हात जोडले.

"बाई, माझ्या घरात एक छोटासा ओटा करू द्या. आपोआप बंद होणारी शेगडी ठेवतो. फक्त चहापुरती."

नर्सबाई ताटं पुसत होत्या. हात थांबला नाही.

"ओटा दिला की माणूस दार लावून घेतो, दादा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाला मात्र काहीच आठवलं नाही. उलट त्याचा चेहरा खुलला.

"बरोबर!" तो म्हणाला. "अगदी माझ्या मनातलं बोललात."

मी म्हटलं, चल माझ्याकडे. तर म्हणाला, "तुझ्याकडे कोण आहे? दोघांनीच जेवायचं?"

मग तो खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागला. बाहेर ताटं मांडली की हा डबा उघडायचा. ते हसले की हाही हसायचा, कशाला ते न कळता.

परवा गेले तर खिडकीवर पडदा. बाहेरून, टेबलाच्या बाजूने ठोकलेला. मी विचारलं तेव्हा शेजारचे मास्तर खाली बघत म्हणाले, "असं कुणी टक लावून बसलं की घास उतरत नाही हो." मेल्यांनो, इथल्या पहिल्या दिवसापासून त्याने तुम्हाला चहा पाजला!

आत दादा पडद्याकडे तोंड करून बसला होता. मांडीवर बंद डबा. मी झाकणाला हात घातला तर त्याने माझं मनगट धरलं.

"थांब गं," तो कुजबुजला. "अजून सगळे बसले नाहीत."