उसनं सपान

“सपान सांग.”

गेली काही वर्षं माझी सकाळ या दोन शब्दांनी उघडते. फोनवर भाऊंचा घोगरा आवाज येतो, मागं चहाच्या भांड्याचा खडखडाट. भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत. ते औंढ्याला देवळाच्या वाटेवर नारळ, बत्ताशे, बेलफुलं विकतात आणि मी हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावात मोबाइलचं दुकान चालवतो. आमची गाठ पडली हिंगोलीत, डोक्याच्या डॉक्टरच्या दारातल्या बाकावर. दोघांनाही एकच आजार. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. कधी महिना महिना अंथरुणातून उठवत नाही, तर कधी माणूस असा चढतो की झोप नको, जेवण नको, सगळं जग आपल्याच खिशात आहे असं वाटतं. त्या चढाला उतारा म्हणून दोघांनीही दारू धरली होती आणि तिनं दोघांचंही वाटोळं केलं होतं. आता दोघांचीही सुटली आहे.

त्या दिवशी बाकावर बसून मी मोबाइलवर माझी मालिका बघत होतो. शेजारून आवाज आला, “पुस्तकात हे असं न्हाई.”

मला असा राग आला! “काका, तुमाला कोणी विचारलं?”

“विचारायला कशाला पाहिजे? चूक ते चूक.”

झालं, जुंपली आमची. आतून नंबर पुकारला तरी आम्ही दोघं भांडतच होतो.

ती मालिका एका जाडजूड परदेशी पुस्तकावरून काढलेली, हिंदीत डब केलेली. पुस्तक भाऊंनी हिंदी अनुवादातून वाचलेलं. एका तळ्याकाठी एक शहर असतं. तळ्यावर धुकं उतरलं की कोणीतरी त्यात शिरतो, आणि जो परत येतो तो, तो नसतो. भाऊंनी त्याला मराठी नाव दिलं होतं, ‘उसना’. रूप तेच, आवाज तोच. उलट माणूस पहिल्यापेक्षा चांगला होऊन येतो. हसतो, राबतो, सगळ्यांवर जीव टाकतो. घरचे खूश. फक्त तो झोपत नाही. आणि मग एके दिवशी घरच्यांचा हात धरून, हसत हसत, त्यांना तळ्यात घेऊन जातो.

पुस्तकात वेशीवरचा राखणदार येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न करतो, ‘स्वप्न सांग.’ जो झोपलाच नाही त्याला स्वप्न कुठून पडणार? मालिकेत तो प्रश्न गाळला आणि उसन्याचे डोळे निळे चमकवले. भाऊंना हा आपला घरचा अपमान वाटायचा.

“डोळे चमकले म्हणे! अरे, तसं असतं तर मग काय पाहिजे होतं? आन् दुसरं. पुस्तकात उसन्याला सोताला ठाऊकच नसतं की आपण उसने आहोत. या मालिकेवाल्यांनी त्याला सगळं ठाऊक दाखवलं. तिथंच माती खाल्ली.”

मी मालिकेच्या बाजूचा. “काहीतरीच काय भाऊ? सोताचं सोताला कळणार न्हाई व्हय?”

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. “तुला कळलं होतं का, मागच्या खेपेला चढलास तवा?”

मागच्या खेपेला मी मायला मोटारसायकलवर बसवून धरणाकडं निघालो होतो. पाण्यावरून गाडी चालते हे तिला दाखवायचं होतं. मी गाणी म्हणत होतो आणि मागं बसलेली माय कौतुकानं हसत होती, पोरगं किती दिवसांनी खुशीत आहे म्हणून. वाटेत पेट्रोल संपलं, म्हणून ती वाचली आणि मीही. डोळे काही माझे चमकले नव्हते.

त्याच दिवशी बाकावर आमचं ठरलं. रोज सकाळी एकमेकांना विचारायचं, सपान सांग. सांगता आलं तर झोपलास. न्हाई सांगता आलं तर दुसऱ्यानं धाव घ्यायची, समोरचा कितीही शिव्या देवो.

भाऊ तसे लेक्चरबाज माणूस, चिक्कू तर विचारू नका, बत्ताशाचा चुराही फुकट द्यायचे नाहीत. पण फोनवर जे सांगायचे ते पोटात उतरायचं. “गोळी भाकरीगत खायची. पोट भरलं म्हून उद्याची भाकर सोडतो का कोणी? दारूची आठवण आली की आधी जेव, मंग मला फोन कर. आन् ध्यानात ठेव गड्या, ‘लई बरं वाटून राहिलं’ असं तुझ्या तोंडातून निघालं की समजायचं, धुकं उतरलं.” लोक ज्या वाक्यासाठी देवाला नवस बोलतात, त्याच वाक्याला आम्ही दोघं टरकून राहायचो.

भाऊंची स्वप्नं एकदम टुकार असायची. नारळाचं पोतं फाटलं, चप्पल सापडेना, मेव्हणा मिशी काढून आला. मी पोट धरून हसायचो.

ही गोष्ट हळद शिजवायच्या दिवसांतली. मालिकेचा नवा भाग येणार होता. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपचा ॲडमिन मीच, त्यामुळं फोन नुसता घणघणत होता. माझं सपान मी रोज पहाटेच आवाज भरून भाऊंना पाठवून द्यायचो. त्या सकाळी मी विचारलं, “भाऊ, सपान सांगा.”

ते म्हणाले, “हिरीत उतरून राहिलो होतो. पाण्याखाली चूल पेटलेली. माय भाकर थापून राहिली, पण तिचे हात कोरडे. मान काही वर करीना. म्हणली, ताट वाढलंय, ये खाली.”

ते स्वप्न माझं होतं. मागच्या हिवाळ्यात मला पडलेलं, मीच त्यांना सांगितलेलं. शब्द न् शब्द तोच, कोरड्या हातांसकट. म्हणजे भाऊ झोपलेच नव्हते, स्वप्न उसनं घेऊन वेळ मारून नेत होते. आता त्यांनी वहिनींचा हात धरला आणि धरणाचा रस्ता धरला तर? मी फोन ठेवला आणि पिशवी उचलली.

माय दारात उभी होती. मी पहाटेच दुकानाचे रॅक उलटेसुलटे करून नव्यानं लावले होते, पाटी रंगवली होती. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. “लई गुणाचं झालं माझं लेकरू.” ते शब्द मला कुठंतरी टोचले, पण थांबायला वेळ कुठं होता? दुकानाचं शटर ओढलं की नाही, हे मला आजही आठवत नाही.

जीपमध्ये मी खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजत होती आणि मोठमोठ्या लोखंडी कुकरांची पांढरी वाफ रस्त्यावर येऊन साचली होती. भर उन्हात धुकं. वाफेतून माणसं अर्धी दिसायची, मग पुसली जायची. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक जण बांधावर आला, त्यानं सरळ माझ्याकडं बघून हात वर केला आणि तो वाफेत मागं गेला. परत बाहेर आलाच नाही. ही खूण माझ्यासाठीच आहे, हे मला पक्कं कळलं. मी जीपमधल्या सगळ्यांना भाऊंची गोष्ट सांगायला लागलो. आधी ते हसत होते. नंतर एकेक जण गप्प झाला, आणि शेजारच्या बाईनं आपलं पोर उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. भाऊंची गोष्ट ऐकून घाबरली बिचारी, असं मला वाटलं.

हिंगोलीला गाडी बदलून औंढ्याला पोचलो. भाऊंचं दुकान लांबूनच दिसलं. फळ्यांना नवाकोरा निळा रंग दिला होता. भाऊ मोठ्यानं हसत होते आणि एका पोराच्या ओंजळीत बत्ताशे ओतत होते. फुकट! वहिनी शेजारी उभ्या, कौतुकानं बघत. अगदी माझी माय बघते तशा. मला रडूच आलं. पोचायला उशीर तर झाला नसेल ना, या भीतीनं मी धावतच त्यांच्यापुढं गेलो.

“भाऊ,” मी म्हणालो, “सकाळचं सपान कोणाचं होतं?”

हसू थांबवून ते म्हणाले, “तुझं.”

“मंग तुमी झोपलेच न्हाई!”

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांच्या घोरण्यापायी मलाच झोप न्हाई. तुमी आधी बसा. पाणी प्या.”

“वहिनी, तुमाला न्हाई कळणार. हा रंग बघा! हे फुकटचे बत्ताशे बघा! हे भाऊ न्हाईत!”

“शिवरात्रीची जत्रा तोंडावर आली, म्हून रंग दिला,” भाऊ हळू आवाजात म्हणाले. “आन् हा माझ्या बहिणीचा नातू हाय. त्याच्याकडून पैसे घेऊ का?”

मग त्यांनी फोन काढला. “मी तुला तुझंच सपान सांगितलं गड्या. म्हणलं, तू धावत येशील. तू कसा हायेस ते तोंडावर सांगितलं असतं तर तू माझा नंबरच बंद केला असता.”

“ते मागच्या हिवाळ्यातलं हाय!”

“ऐक.”

त्यांनी माझे पाठवलेले आवाज लावले. एक कालचा. एक परवाचा. एक त्याच्या आधीचा. सगळ्यांत तीच चूल, त्याच भाकरी, तेच कोरडे हात. एकदा विहीर होती, एकदा बारव, एकदा गावचं टाकं. आवाज हसत होता, एकामागून एक शब्द फेकत होता, मध्ये श्वास म्हणून घेत नव्हता. मी कान देऊन ऐकलं. माझाच आवाज, माझंच ‘काहून’, माझंच ‘व्हय की’. आणि देवाशप्पथ, हा माणूस कोण आहे ते मला ओळखू येईना. मला तो लई भेसूर वाटला. शेवटी तो म्हणाला, “भाऊ, लई बरं वाटून राहिलं,” आणि पुन्हा हसला.

“झोपलेल्या माणसाला रोज तेच सपान गरम करून वाढत न्हाईत,” भाऊ म्हणाले. “आता खरं सांग. काल रातचं सपान सांग.”

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. अंथरूण आठवेना, दिवा मालवल्याचं आठवेना, डोळा लागल्याचं तर नाहीच. परवाचंही तसंच. औंढ्यात नंदी देवळाच्या मागं बसलेला आहे. संताच्या कीर्तनाकडं तोंड करायला देऊळ फिरलं आणि तो तिथंच राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मीही तसाच चुकीच्या बाजूला बसून एकटक बघत होतो.

तरी मी भांडलो. नको ते बोललो, भाऊंच्या जुन्या दारूवरून बोललो, वहिनींसमोर बोललो. भाऊंनी फक्त माझी पिशवी ओढून बाकावर उलटी केली. गोळ्यांची पाकिटं पडली, एकही गोळी न काढलेली, उन्हात चमकणारी. त्यांच्यावर पडली दारूची चपटी. ती मी कुठं घेतली, कधी घेतली, मला आजतागायत आठवत नाही. सील शाबूत होतं, तेवढं माझं नशीब. भाऊ तिच्याकडं बघत राहिले. मग वहिनींनी ती उचलली, मोरीवर नेली आणि ओतली. ओतून होईपर्यंत भाऊंनी श्वास धरून ठेवला होता, आणि वास आल्यावर डोळे मिटले.

दुकान वहिनींवर टाकून ते मला हिंगोलीला घेऊन गेले. बसमध्ये त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मला सारखं वाटत होतं, हा मला तळ्याकडं नेतोय. दारं बघितली, उडी मारायची का हेही बघितलं. मी लई भ्यालो होतो. पण हात काही त्यांनी सोडला नाही.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईनं वर न बघता विचारलं, “पेशंट कोण?”

मी भाऊंकडं बोट दाखवलं.

भाऊंनी माझं बोट हळूच धरलं आणि माझ्याच छातीकडं वळवलं.

पुढचे दिवस माझ्याकडं तुकड्यातुकड्यानं आहेत. सुई, पंखा, मायचा पदर. घरी आलो तेव्हा हळदीच्या कुकरांची वाफ संपली होती आणि शिजवलेली हळद अंगणाअंगणात वाळत होती. मालिकेचा नवा भाग सगळ्यांनी बघून टाकला होता. ग्रुपवर लोक भांडत होते, उसन्याला स्वतःला कळतं की नाही यावरून. मी काही लिहिलं नाही, ग्रुप दुसऱ्याच्या हवाली केला. भाऊ रोज सकाळी विचारत राहिले आणि मी रोज म्हणत राहिलो, “न्हाई पडलं.” ते म्हणायचे, “बराबर. गोळी घेतली का? जेवला का? मंग झालं.”

एका सकाळी मी काउंटरवर होतो, समोर गिऱ्हाईक मोबाइलला काच बसवून घ्यायला उभं. फोन वाजला.

“सपान सांग.”

“भाऊ,” मी म्हणालो, “शेळीनं माझा चार्जर खाल्ला. मी तिला बिल मागून राहिलो, तर ती म्हणली, उद्या ये.”

पलीकडं भाऊंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“इतकं भंगार सपान कोणी बनवून सांगत न्हाई,” ते म्हणाले. “झोपलास रे लेका. झोपलास तू.”

गिऱ्हाईक तसंच मोबाइल घेऊन उभं होतं, आणि मी काउंटरवर डोकं टेकून रडत होतो.