कुकरचं वजन

आमचं मोटरहोम भरल्यावर साडेतीन टनांच्या वर जाता कामा नये, कारण माझ्या लायसन्सवर तेवढंच चालवता येतं. जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात बावीस वर्षं मी गाड्यांची वजनं ग्रॅमग्रॅमने कमी करायचं काम केलं. मग नोकरी सुटली, मुलगी शिकायला ब्राउनश्वाइगला गेली, आणि घर सोडून कायमचं गाडीत राहायचं मी ठरवलं. बायकोला विचारून ठरवलं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे गाडी बुक करून झाल्यावर विचारलं होतं.

स्वयंपाक ती करायची, पण गाडीतल्या स्वयंपाकघराची यादी मी केली. टेबलावर वजनकाटा ठेवला. ती एकेक भांडं आणून देई, मी आकडा वाचत असे.

"कुकर दोन किलो आठशे. नाही चालणार."

"मग डाळ कशात शिजवू?"

"पातेल्यात. इथले लोक शिजवतातच ना."

"इथले लोक तुरीची डाळ खातात का रे?"

लोखंडी तवा गेला, मिक्सर गेला. त्यांच्या जागी एकात एक बसणारी, हँडल निघणारी ॲल्युमिनियमची चार भांडी आणली. चारही मिळून कुकरपेक्षा हलकी होती. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. "अहो इंजिनिअरसाहेब, आता मलाही काट्यावर चढवा," ती म्हणाली आणि हसली. कुकर तिने शेजारणीला दिला.

माझ्या अवजारांच्या पेटीबद्दल तिने विचारलं नाही. एका सकाळी ती बाहेर गेलेली असताना मी ती बाथरूममधल्या काट्यावर ठेवून पाहिली होती. सेहेचाळीस किलो. यादीत लिहिली नाही. मागच्या डिकीत, खुर्च्यांच्या आड सरकवून दिली.

उन्हाळा बरा गेला. नोव्हेंबरमध्ये खिडक्या बंद झाल्या आणि तासभर उकळणाऱ्या डाळीची वाफ आतच राहू लागली. काचांवरून पाणी ओघळायचं, गाद्या दमट व्हायच्या. रात्रभर भिजवूनही डाळीची कणी राहायची. ॲल्युमिनियमच्या पातळ तव्यावर भाकरी मधे करपायची आणि कडेला कच्ची राहायची. आधी तिने भाकरी सोडली, मग डाळ. डिसेंबरात आम्ही पाकिटातलं सूप आणि ब्रेड खात होतो. मी म्हणालो, "हलकं खाणं बरंच." तिने सुपाचं पाकीट फाडून पाण्यात ओतलं. तिचं बोलणंच कमी झालंय, हे मला तेव्हा दिसत होतं. मी त्याचा दोष थंडीला देत होतो.

नाताळच्या सुट्टीत मुलीकडे निघालो. ऑटोबान महामार्गालगतच्या एका पार्किंगमध्ये पोलीस मोटरहोम थांबवून वजन करत होते. आमची गाडी मर्यादेपेक्षा शंभर किलोंहून जास्त भरली. वजन उतरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं पोलिसाने सौम्यपणे सांगितलं आणि डिकी उघडायला लावली. बायको खाली उतरून माझ्या शेजारी उभी राहिली. त्याने खुर्च्या बाजूला केल्या आणि पेटी दोन्ही हातांनी कशीबशी बाहेर काढली.

"ही यादीत होती?" तिने विचारलं.

"नाही. सेहेचाळीस किलो आहे," मी म्हणालो. पोलिसाला मराठी कळत नव्हतं, तरी तो दुसरीकडे बघायला लागला.

"हिच्या वजनात सोळा कुकर आले असते रे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने मनातल्या मनात भागाकार केला होता, तोही अचूक.

पेटी तिथेच सोडली असती, तर निम्मं पाणी तरी वाचलं असतं. मी पाण्याच्या टाकीचा नळ सोडला. स्वयंपाकाचं, अंघोळीचं, सगळं पाणी डांबरावर वाहून जाईपर्यंत आम्ही थंडीत उभे होतो. पुन्हा वजन झालं, पेटी धरूनही ते मर्यादेत आलं आणि गाडी सुटली. मग मी पेटी उचलून पुन्हा डिकीत ठेवली, आणि ती ते पाहत होती. त्या दिवसातली माझी सगळ्यात मोठी चूक तीच. आधीचं लपवणं निदान चोरून केलेलं होतं.

सुट्टी संपली. निघायच्या सकाळी मुलीने मला नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच सांगितलं, की आई इथेच राहणार आहे. बायको बाजूलाच बसली होती. तिने मान हलवली.

आता तिने ब्राउनश्वाइगमध्येच एक लहान घर भाड्याने घेतलंय. रविवारी मी तिच्या रस्त्यावर गाडी लावतो आणि वर जेवायला जातो. ती बोलावते, वाढते, तब्येत विचारते. पहिल्या रविवारी वरण-भात झाल्यावर मी दोघांची ताटं उचलून सिंककडे गेलो आणि बाही वर केली.

"राहू दे," ती म्हणाली. "पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

मी ताटं खाली ठेवली आणि परत जाऊन बसलो.